पाळीच्या दुखण्यावर मसाज: सुरुवात कंबरेपासून

पाळीत पोट दुखायला लागलं की हात आपसूक पोटावर जातो. दुखतं तिथे दाबायचं, हे कुणी शिकवावं लागत नाही. मीही वर्षानुवर्षं तेच करत होते. बेंबीखाली मूठ रुतवायची, गुडघे पोटाशी घ्यायचे आणि तशीच पडून राहायची. घटकाभर बरं वाटायचं, मग पुढची कळ आणखी जोरात यायची. नंतर एकदा एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी पोटाला बोटही न लावता वीस मिनिटं फक्त कंबर चोळून दिली. मी उताणी वळेपर्यंत ओटीपोटातला पीळ निम्मा सुटला होता. तेव्हापासून माझा क्रम उलटा झाला: आधी कंबर, मग कुल्ले, पोट त्यांच्यानंतर.

कधीच मसाज न केलेल्यांसाठी हे लिहिते आहे. एकटीने करायचा आणि दुसऱ्याकडून करून घ्यायचा, असे दोन्ही प्रकार सांगते. सामान फार लागत नाही. एक जुना टॉवेल, चमचाभर तेल, गरम पाण्याची पिशवी, दोन-तीन उशा आणि नखं कापलेले हात.

पोट दुखतं, मग कंबर का चोळायची?

पाळीच्या सुमारास गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात. अस्तर बाहेर पडावं म्हणून ती गर्भाशयाच्या स्नायूला आकुंचन पावायला लावतात. त्यांचं प्रमाण जास्त असलं की आकुंचन इतकं जोरकस होतं की स्नायूचा रक्तपुरवठाच थोडा वेळ आवळला जातो. आपण जिला कळ म्हणतो ती हीच. पहिल्या दिवशी मळमळतं, पोट बिघडतं, त्यामागेही हीच द्रव्यं असतात.

गर्भाशय असतं मुठीएवढं, जेमतेम साडेसात सेंटिमीटर लांब. ओटीपोटाच्या तळाशी जे हाड हाताला लागतं त्याच्या मागे ते दडलेलं असतं. त्यामुळे बाहेरून कितीही दाबलं तरी मसाजचा हात तिथवर पोचत नाही. ‘साचलेलं रक्त मोकळं होतं’ किंवा ‘गर्भाशय जागेवर येतं’ असं कुणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या.

मग बरं कशाने वाटतं? गर्भाशयाकडून येणाऱ्या संवेदना मणक्यात ज्या पातळीवर शिरतात, साधारण त्याच पातळीवर ओटीपोट, कंबर आणि मांडीच्या पुढच्या भागाच्या संवेदनाही शिरतात. मेंदूला त्या वेगळ्या काढता येत नाहीत. म्हणून दुखणं गर्भाशयाचं असलं तरी कंबर धरते आणि मांड्या भरून येतात. त्यात दुखण्याच्या धास्तीने तिथले स्नायू आखडतात आणि दुखण्यात आणखी भर पडते. हे आखडलेले स्नायू मात्र हाताच्या टप्प्यात आहेत. शिवाय १९६५ साली मेलझॅक आणि वॉल या दोन वेदना-संशोधकांनी मांडलेली कल्पना अशी की स्पर्शाचे संदेश मणक्यात पोचले की वेदनेच्या संदेशांची वाट काही अंशी अडते. कोपर आपटल्यावर आपण ते चोळतो आणि बरं वाटतं, ते यामुळेच.

म्हणजे जोर लावून काही साधत नाही. हात मोठ्या भागावरून, सावकाश फिरायला हवा आणि तो ऊबदार हवा.

मसाज कुणी करायचा नाही

गरोदर असण्याची थोडीही शक्यता असेल तर आधी चाचणी करा. पाळी लांबलेली आहे, एकाच बाजूला दुखतंय, चक्कर येतेय किंवा खांद्याच्या टोकाशी दुखतंय, अशा वेळी तेलाची बाटली न काढता थेट दवाखाना गाठा. गर्भ नळीत राहिल्याची ही लक्षणं असू शकतात. अचानक एका बाजूला असह्य कळ आणि सोबत उलट्या, ताप, घाणेरड्या वासाचा स्राव, तासा-दोन तासांत पॅड भिजून जाणं, यातलं काहीही असेल तरी तेच.

पोटाचं ऑपरेशन किंवा सिझेरियन नुकतंच झालं असेल, मोठी गाठ किंवा अंडाशयात सिस्ट असल्याचं सोनोग्राफीत निघालं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पोटावर दाब देऊ नका. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर खोल दाब कुठेच नको. एकच पोटरी सुजली आहे, गरम लागते आहे आणि दुखते आहे, तर ती अजिबात चोळायची नाही. आत रक्ताची गुठळी असू शकते, आणि गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांनी तर याकडे जास्तच लक्ष द्यायला हवं.

केव्हा सुरू करायचा

बहुतेक जणींची चूक इथेच होते. कळा सुरू झाल्यावर तेल शोधायला उठतो. तोवर अंग इतकं आखडलेलं असतं की साधा स्पर्शही नकोसा वाटतो. अपेक्षित तारखेच्या पाच-सहा दिवस आधीपासून रोज दहा-पंधरा मिनिटं कंबर आणि कुल्ले चोळायचे. पाळी अनियमित असेल तर तारखेवर विसंबू नका, शरीर खुणा देतंच: छाती जड होते, चिडचिड वाढते, कंबरेत बारीक ठणका लागतो. त्या दिवशी सुरुवात करायची.

प्रत्यक्ष पाळीत पहिल्या दिवशी मसाज करायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. काहींना चालतो, काहींना अंगाला हात लावलेलाही सहन होत नाही. मी पहिल्या दिवशी फक्त शेक घेते आणि पाय चोळते.

तयारी

लघवीला जाऊन या. भरल्या पोटी करू नका, जेवणानंतर दीड-दोन तास जाऊ द्या. कप किंवा टॅम्पॉन वापरत असाल तर पोट चोळण्यापुरता पॅड बरा, आत काही असताना ओटीपोटावर दाब दिला की अवघडल्यासारखं होतं.

तेल कोणतंही चालेल, खोबरेल, तिळाचं, बदामाचं. हात सहज फिरावा एवढंच त्याचं काम. एका वेळेला चमचाभर पुरतं. गॅसवर गरम करू नका. बाटली कोमट पाण्याच्या भांड्यात पाच मिनिटं उभी ठेवा आणि मनगटाच्या आतल्या बाजूला एक थेंब लावून बघा. तिथे चटका बसला नाही तर पोटालाही बसणार नाही.

आधी शेक घ्या, मग मसाज करा. शेकाला कमी लेखू नका. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पोटाला बांधायच्या सुमारे ३९ अंश सेल्सिअसच्या ऊबदार पट्ट्याने पाळीच्या दुखण्यात आयब्युप्रोफेन या वेदनाशामक गोळीइतकाच आराम पडल्याचं दिसलं होतं. ३९ अंश म्हणजे अंगापेक्षा जरासंच जास्त. आपण पिशवीत उकळतं पाणी भरतो, ते लागतच नाही. पिशवी टॉवेलात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं कंबरेला लावा.

आणि पिशवी पोटावर ठेवून झोपू नका. मी कॉलेजात असताना दर महिन्याला तशीच झोपायचे. काही महिन्यांनी पोटावर जाळीसारखे तपकिरी डाग उठले. वाटलं बुरशी झाली, मलम लावत बसले. त्वचेच्या डॉक्टरांनी बघताक्षणी विचारलं, ‘पिशवी घेऊन झोपतेस का?’ ते डाग जायला वर्ष गेलं. बाम लावलेल्या जागी पिशवी ठेवणं त्याहून वाईट, तिथे कातडी भाजते.

पहिली पायरी: कंबर

करून देणारं कुणी असेल तर पालथं झोपायचा आग्रह नको. या दिवसांत छाती आणि पोट दोन्ही दुखतात. खुर्चीवर उलटं बसा, पाठीच्या जागी उशी ठेवा आणि तिच्यावर हात आणि डोकं टेका. नाहीतर कुशीवर झोपून एक उशी कवटाळा आणि एक गुडघ्यांमध्ये घ्या.

कंबरेखाली, कुल्ले सुरू होतात तिथे दोन्ही बाजूंना खळग्या असतात. त्या दोन खळग्यांच्या मध्ये आणि थोडं खाली, माकडहाडाच्या वर, जो सपाट त्रिकोणी भाग लागतो तीच आपली मुख्य जागा. तिथे तळहाताचा मनगटाजवळचा जाड भाग टेकवा. आधी नुसता हात ठेवा, चार-पाच श्वास जाऊ द्या. मग लहान गोल फिरवा. यात मेख एकच आहे: हात कातडीवरून घसरवायचा नाही, कातडीसकट फिरवायचा. एक गोल एका श्वासाइतका सावकाश. आपण ठेवतो त्याच्या निम्मा वेग ठेवा, आणि तोही जास्त वाटला तर आणखी निम्मा. दहा-बारा गोल झाले की हात बोटभर सरकवा. असा तो सगळा त्रिकोण पुरा करायला चार-पाच मिनिटं लागतात.

त्यानंतर मणक्याच्या दोन्ही बाजूंना, हाडापासून दोन बोटं सोडून, अंगठ्यांनी खालून वर बरगड्यांपर्यंत जायचं आणि तळहातांनी अलगद खाली यायचं. मणक्याच्या हाडावर थेट दाब नाही. बरगड्यांच्या खाली बुक्क्या मारणं, थापट्या देणं हेही नाही.

एकटीने करताना हात मागे नेऊन मुठी त्याच जागी टेकवा आणि पुढे-मागे डुलत दाब कमी-जास्त करा. याहून सोपी युक्ती टेनिसच्या चेंडूची. भिंतीला पाठ लावून उभं राहा, चेंडू कंबर आणि भिंतीच्या मध्ये धरा, गुडघे जरा वाकवा आणि हळूहळू खाली-वर व्हा. जमिनीवर चेंडू ठेवून त्यावर झोपू नका, अख्खं वजन पडतं आणि दुसऱ्या दिवशी काळंनिळं दिसतं. चेंडू सारखा निसटत असेल तर मोज्यात घाला आणि मोज्याचं टोक खांद्यावरून धरा.

दाब किती द्यायचा याचं माप श्वासात आहे. श्वास अडकला, दात आवळले गेले, पायाची बोटं वळली, म्हणजे दाब जास्त झाला. ‘गोड दुखतंय’ इथवर ठीक.

दुसरी पायरी: कुल्ले आणि मांड्या

पॅन्टचा मागचा खिसा असतो तो भाग मुठीच्या सपाट बाजूने चोळा, प्रत्येक बाजूला दीड-दोन मिनिटं. इथे एखादी जागा बोट ठेवताच ‘आई गं’ म्हणायला लावते. तिथे चोळत सुटू नका. फक्त दाबून धरा, पाच-सहा श्वास, आणि सोडा. पायात मुंग्या आल्या किंवा करंट गेल्यासारखं झालं तर तिथून हात काढा, खाली नस आहे. मांड्या बाहेरच्या आणि पुढच्या बाजूने गुडघ्याकडून वर चोळल्या की झालं.

तिसरी पायरी: पोट

उताणं झोपा, गुडघे वाकवा आणि खाली उशी घ्या. पाय सरळ असले की पोट ताणलेलं राहतं. दोन्ही तळहात एकमेकांवर घासून गरम करा, एकावर एक ठेवून बेंबीखाली टेकवा आणि दहा श्वास काहीच करू नका. श्वास घेताना पोटाने हात उचलायला हवा. पहिल्या दोन-तीन श्वासांत तो उचलला जात नाही, छातीच हलते, मग कधीतरी पोट सैल पडतं. ते सैल पडलं की सुरुवात करायची.

आपल्या उजव्या कुल्ल्याच्या हाडापासून निघायचं, वर उजव्या बरगडीपर्यंत, तिथून आडवं डावीकडे, मग डाव्या बाजूने खाली आणि ओटीपोटावरून पुन्हा उजवीकडे. मोठं आतडं याच दिशेने जातं, म्हणून पोटात वायू धरला असेल तर तोही सुटतो. पाळीतल्या दुखण्यात वायूचा वाटा आपल्याला वाटतो त्यापेक्षा बराच मोठा असतो, हा माझा अनुभव. बोटांची टोकं वापरायची नाहीत, पूर्ण तळहात टेकलेला हवा. दाब पोळीला तूप लावतो तेवढाच. वीस-पंचवीस गोल पुरतात. बेंबीच्या आसपास ठोके लागले तर घाबरू नका, ती मोठी रक्तवाहिनी आहे, फक्त तिथे दाबू नका.

मग दोन्ही हात पाठीखाली कंबरेत सरकवा आणि कडेने पुढे ओढत ओटीपोटावर आणा, खाली जांघेकडे सोडा. असं दहा वेळा. मला सगळ्या मसाजमध्ये हाच भाग आवडतो, पट्टा सैल केल्यासारखं वाटतं.

मध्येच कळ आली तर हात थांबवा, पण उचलू नका. तसाच ठेवून सावकाश श्वास सोडा. कळ ओसरली की पुढे चालू.

चौथी पायरी: पाय

घोट्याच्या आतल्या हाडाच्या वर चार बोटं आडवी ठेवा. चौथ्या बोटाच्या वर, नडगीच्या हाडाच्या मागच्या कडेला एक जागा दाबल्यावर खुपते. चिनी ॲक्युप्रेशरमध्ये पाळीच्या तक्रारींसाठी हीच जागा सांगतात. अंगठ्याने एक-दोन मिनिटं दाबून धरायची, मग दुसरा पाय. याचा पुरावा पक्का नाही. कोक्रेन ही संस्था एकेका विषयावरचे अभ्यास एकत्र तपासते; तिच्या २०१६ सालच्या आढाव्यात ॲक्युपंक्चर आणि ॲक्युप्रेशरवरचे बरेचसे अभ्यास कच्चे निघाले. तरी मी करते, कारण ऑफिसात टेबलाखाली बूट काढून करता येणारी ही एवढीच गोष्ट आहे. गरोदरपणात ही जागा दाबू नये असा ॲक्युप्रेशरवाल्यांचाच दंडक आहे.

झाल्यावर दहा मिनिटं पडून राहा आणि कुशीवर वळून उठा. उभं राहताच एकदम जास्त स्राव झाल्यासारखं वाटेल. मसाजमुळे रक्तस्राव वाढला म्हणून अनेकजणी इथे घाबरतात. झोपलेलं असताना योनीत साठलेलं रक्त उभं राहिल्यावर खाली येतं, बाकी काही नाही.

सुगंधी तेल घालावं का?

लॅव्हेंडर आणि क्लेरी सेज या दोन तेलांचं नाव यात सतत येतं. २००६ साली दक्षिण कोरियात कॉलेजच्या मुलींवर झालेल्या एका छोट्या अभ्यासात ही दोन आणि गुलाबाचं तेल बदामाच्या तेलात मिसळून पोटाला चोळलं, आणि त्या मुलींचं दुखणं कमी झालं. पण मला २०१२ सालचा तैवानमधला अभ्यास जास्त बोलका वाटतो. त्यात एका गटाला खरी सुगंधी तेलं घातलेलं क्रीम दिलं आणि दुसऱ्याला कृत्रिम वासाचं. दोन्ही गटांनी पाळी संपल्यापासून पुढची येईपर्यंत रोज पोट चोळलं. दुखणं दोन्ही गटांत कमी झालं. खऱ्या तेलांच्या गटात दुखण्याचे दिवस सरासरी २.४ वरून १.८ वर आले, म्हणजे वासाचा काही भाग असेलही, पण रोज फिरणारा हात दोन्हीकडे होता.

वास आवडत असेल तर घाला. ३० मिली साध्या तेलात १२ थेंब म्हणजे साधारण दोन टक्के होतात, त्यापुढे जाऊ नका. नुसतं सुगंधी तेल कातडीला कधीच लावायचं नाही. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस वाट बघा.

गोळीचं काय?

मसाज करतेय म्हणून गोळी घ्यायची नाही, असा हट्ट नको. आयब्युप्रोफेन, मेफेनॅमिक ॲसिड यांसारख्या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन तयार होणंच रोखतात, म्हणजे दुखण्याच्या मुळाशी जातात. हे काम हातांना जमणारं नाही. आधीच तयार झालेल्या द्रव्यांवर मात्र या गोळ्यांचा फारसा इलाज चालत नाही, म्हणून त्या लवकर घेतलेल्या बऱ्या. दमा, पोटात अल्सर किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच. गोळी घेऊन, ती लागू होईपर्यंतचा अर्धा-पाऊण तास मसाजमध्ये घालवणं, ही जोडी मला सगळ्यात सोयीची पडली आहे.

करून देणाऱ्यासाठी

आई असो, बहीण असो वा नवरा, आधी विचारा. ‘बरं वाटतंय का?’ या प्रश्नाला ती ‘हो’च म्हणेल. त्यापेक्षा ‘इथे की जरा खाली?’, ‘हलकं करू?’ असं विचारा. मोबाइल लांब ठेवा. अंगठी, घड्याळ काढा. एक हात तेल घ्यायला गेला तरी दुसरा पाठीवर राहू द्या. आणि हात दुखायला लागले तर सरळ थांबा, दमलेला हात लगेच कळतो.

पैसे देऊन कुणाकडे जात असाल तर पाळीची तारीख, ऑपरेशनं, औषधं आधीच सांगा. पोटाचा मसाज नको म्हणायचा हक्क तुमचा आहे आणि आतले कपडे काढायची काही गरज नसते. एका ठिकाणी मला ‘दुखलं तरच गाठ फुटेल’ असं ऐकवत ओटीपोट कणकेसारखं तिंबलं होतं. आठवडाभर शिंकतानाही दुखत होतं. असं बोलणाऱ्याकडून उठून यायला मला तेव्हा जमलं नाही, आता जमेल. एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणं) किंवा वंध्यत्व मसाजने बरं करून देतो म्हणणाऱ्याच्या दारातूनच परत फिरा.

तीन पाळ्यांची नोंद

एका पाळीवरून काहीच कळत नाही. तीन पाळ्या होईपर्यंत रोज रात्री चार गोष्टी लिहा: दुखणं शून्य ते दहा यांत किती, मसाज केला का आणि कुठे, गोळ्या किती घेतल्या, कोणतं काम चुकलं. माझ्या वहीत दिसलं की आधीचे पाच दिवस कंबर चोळली त्या महिन्यात आठावरचं दुखणं पाचावर आलं आणि दोनऐवजी एका गोळीत भागलं. ते शून्यावर कधीच आलं नाही.

तीन महिन्यांत आकडा हललाच नाही, किंवा दर पाळीला वाढत गेला, तर ती वही घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. पूर्वी न दुखणारं पोट तिशीत अचानक दुखायला लागलं, पाळी नसतानाही दुखतं, संबंधांच्या वेळी किंवा शौचाला बसताना दुखतं, तर तीन महिनेही थांबू नका. एंडोमेट्रिओसिस, ॲडेनोमायोसिस (तसाच थर गर्भाशयाच्या स्नायूत वाढणं) किंवा फायब्रॉइड (गर्भाशयातल्या साध्या गाठी) असू शकतात आणि त्यांची तपासणी वेगळी असते. ‘पाळीत दुखतंच’ असं म्हणून कुणी वाटेला लावलं, तर वहीतलं चुकलेल्या कामांचं पान उघडून समोर ठेवा आणि सोनोग्राफीबद्दल विचारा.